राणीछाप रुपयावरची सोनेरी झाक

नोकरीभर मी कापसाचा ग्रेडर होतो. नेर, मुकुटबन आणि शेवटी यवतमाळ, अशा खरेदी केंद्रांवर माझे हिवाळे गेले. गाडीतल्या कापसाचं पुंजकं दोन्ही चिमटींत धरून ओढायचं, धागा किती लांब निघतो ते पाहायचं, ओल आणि पिवळेपणा पाहायचा आणि प्रत सांगून मोकळं व्हायचं. समोरचा माणूस बऱ्याचदा नाराज व्हायचा. यंदा लय कडक लावून राह्यले साहेब, असं दरवर्षी कुणीतरी म्हणायचंच. मी ऐकून घ्यायचो, पण एकदा सांगितलेली प्रत बदलायचो नाही. त्या न बदलण्याचाच मला अभिमान होता.

निवृत्तीनंतर ही सवय नाण्यांकडे वळली. नाणी मी तरुणपणापासून जमवत आलोय. यवतमाळात आमचा जमवणाऱ्यांचा लहानसा गट आहे आणि महिन्यातल्या एका रविवारी सकाळी आम्ही माझ्या घरच्या बैठकीत जमतो. टेबलावर मखमलीचा तुकडा, त्यावर दिवा, माझ्या हातात भिंग. ज्याने जे आणलं असेल ते आधी माझ्यासमोर यायचं.

मोठ्या शहरात नाण्यांची प्रत ठरवून देणाऱ्या कंपन्या आहेत. नाणं पाठवलं की ते लोक तपासतात, सत्तरपैकी अंक देतात आणि प्लास्टिकच्या सीलबंद डबीत घालून परत करतात. नाणं कधी घासलं-पुसलं गेलं असेल तर अंक मिळत नाही. डबीवर फक्त 'साफ केलेले' असा शेरा येतो. आमच्या गटातलं कुणी नाणं पाठवायचं म्हटलं की मी आधी त्याचा अंक सांगायचो, आणि सुरुवातीची बरीच वर्षं माझा आणि त्यांचा अंक जवळजवळ जुळायचा. लोक हसून म्हणायचे, शहरात पाठवायचं कायले, ग्रेडरसाहेब इथंच बसले आहेत. मला ते फार आवडायचं.

मग हळूहळू फरक पडायला लागला. मी जे नाणं उत्तम म्हणायचो ते मधलंच ठरून यायचं. पुढे काही नाणी अंकाविनाच परत आली. मी भिंगाखाली पुन्हा पाहायचो. मला घासल्याची एकही रेघ दिसायची नाही. मी निष्कर्ष काढला की कंपन्यांचं माप बदललं आहे. आधी त्यांनी हात सैल सोडून अंक वाटले, आता बाजारात उत्तम नाणी फार झाली म्हणून कडक झाले. दर रविवारी मी हे बोलायचो आणि सगळे माना डोलवायचे. घड्याळदुरुस्तीचं दुकान चालवणारा माझा जुना मित्र तेवढा गप्प बसून चहा प्यायचा. त्याचा स्वभावच कमी बोलण्याचा, म्हणून मी त्याच्या गप्प बसण्याकडे लक्ष दिलं नाही.

आमच्यात एक शिक्षिका येतात. महागावकडच्या एका बंजारा तांड्यावर त्यांचं घर, जिल्हा परिषदेच्या शाळेत नोकरी. रविवारची सकाळची बस धरून त्या यायच्या. एकदा त्यांनी घरातला राणीछाप रुपया आणला. तांड्यावरच्या बायकांच्या अंगावरच्या जुन्या रुपयांना बहुतेक डाग देऊन कड्या लावलेल्या असतात, पण हा तसा नव्हता. घराण्यात पूजेसाठी वेगळा ठेवलेला. मी तो दिव्याखाली धरला आणि हरखून गेलो. राणीच्या गालावर, मुकुटावर, कडेच्या अक्षरांवर एक सोनेरी झाक पसरलेली होती. चांदी दीडशे वर्षं कुणी हात न लावता राहिली तरच अशी झाक येते, असं मी सगळ्यांना सांगितलं आणि चांगला वरचा अंक जाहीर केला.

शिक्षिकाबाईंनी रुपया हातात घेतला, कलता करून पाहिला आणि म्हणाल्या, "काकाजी, मले याच्यावर बारीक रेघा दिसून राह्यल्या. केसासारख्या."

मी म्हणालो, "मॅडम, तुम्हाला दिवा धरता येत नाही अजून. उजेड तिरपा पडला की नसलेल्या रेघा दिसतात. शिकावं लागतं ते."

बाकीचे हसले. शिक्षिकाबाईंनी रुपया परत रुमालात बांधला. माझ्या शब्दावर त्यांनी रुपया शहरात पाठवला आणि तो 'साफ केलेले' असा शेरा घेऊन परत आला.

मला राग आला, पण आतून बरंही वाटलं, कारण आता माझ्या हातात पुरावा होता. त्याच सुमारास यवतमाळातल्याच एका मंगल कार्यालयात नाण्यांचं प्रदर्शन भरणार होतं. अमरावती, वर्ध्याकडचे लोक येणार होते. मी आयोजकांना सांगून भाषण ठरवलं. विषय, नाण्यांचं ग्रेडिंग कडक होत चाललं आहे का. शिक्षिकाबाईंकडून रुपया मागून घेतला, पुतण्याकडून त्याचा मोठा फोटो काढवला आणि भाषणाच्या वेळी तो पडद्यावर लावला.

पडद्याकडे पाठ करून मी पाऊण तास बोललो. मागे हात करून म्हणालो, ही झाक बघा, ही घासलेल्या नाण्यावर असते का, आणि ज्यांना ही दिसत नाही ते आपल्याला अंक देतात. सभागृह अगदी शांत होतं. शिक्षिकाबाई पुढच्या रांगेत मान खाली घालून बसल्या होत्या. त्यांच्या रुपयासाठी कुणी भांडतंय म्हणून त्यांना भरून आलं असेल, असं मला वाटलं. शेवटी टाळ्या पडल्या. घरी येऊन मी बायकोला सगळं रंगवून सांगितलं.

बायकोला माझ्या भाषणापेक्षा माझ्या डोळ्यांची काळजी होती. मी टेबलावरच्या दिव्याला एकापेक्षा एक मोठे बल्ब आणत होतो आणि तरी अंधार म्हणत होतो. पिवळा पडलेला सदरा पांढरा म्हणून लग्नाला घालून निघालो होतो. तिने मला जवळजवळ ओढतच डोळ्यांच्या दवाखान्यात नेलं. मोतीबिंदू दोन्हीकडे होता आणि उजवा पुष्कळ पिकला होता. भिंग मी उजव्याच डोळ्याला लावत आलो होतो. डॉक्टरांनी हे असं वर्षानुवर्षं हळूहळू वाढतं आणि माणसाला कळत नाही, असं सांगितलं. मी ते ऐकलं आणि शस्त्रक्रिया किती वेळ चालते ते विचारलं. दुसरा कोणताही विचार तेव्हा माझ्या डोक्यात आला नाही.

उजव्या डोळ्याची शस्त्रक्रिया नीट झाली. पट्टी निघाल्यावर घरातल्या भिंती पांढऱ्या दिसल्या. मी त्या पिवळसर रंगवल्या आहेत असंच समजत होतो. बायकोच्या चेहऱ्यावरच्या सुरकुत्या दिसल्या आणि तिने ओळखून तोंड फिरवलं. पुढचे काही दिवस मी झाडांची पानं, वर्तमानपत्राची बारीक अक्षरं, ताटातले जिरे, जे दिसेल ते लहान मुलासारखा पाहत होतो.

डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर एका सकाळी खिडकीशी बसून मी शिक्षिकाबाईंचा रुपया काढला. डबी नीट बंद होती, तेव्हा दुसरं नाणं असण्याचा प्रश्नच नव्हता. तरी मी डबी उलटीपालटी करून खात्री केली. सोनेरी झाक कुठेच नव्हती. समोर होता पांढरा फटक, नुकत्याच घासलेल्या पेल्यासारखा चकचकीत रुपया. राणीच्या गालावरून मानेपर्यंत रेघाच रेघा. भिंग लावायचीसुद्धा गरज नव्हती.

ती झाक माझ्या डोळ्यात होती. ती मी सभेत, पाऊण तास, पडद्याकडे हात करून लोकांना दाखवली होती. घरात कुणी नव्हतं, तरी मी उठून बैठकीचं दार लोटून घेतलं.

मग मी गटातल्या लोकांना आठवायला लागलो. कुणाकुणाच्या नाण्यांबद्दल मी काय बोललो, कोण माझ्या शब्दावर फी भरून बसला. दुपारी मित्राच्या दुकानात गेलो. तो डोळ्याला भिंग लावून एक घड्याळ उघडून बसला होता. मी त्याच्यासमोर रुपया ठेवला आणि विचारलं की यावर तुला आधीपासून काय दिसत होतं.

त्याने भिंग काढलं, पण माझ्याकडे पाहिलं नाही. म्हणाला, "दिसत होतं भाऊ. पडद्यावर तं सगळ्यायलेच दिसलं."

"मग बोलला काहून नाहीस?"

"कसं बोलू? तुमचा एवढा मान. दोन वर्षांपासून सगळ्यायले माहीत आहे तुमाले कमी दिसते म्हणून. आमी म्हटलं, जाऊ द्या."

जाऊ द्या. म्हणजे दोन वर्षं माझ्या बैठकीत येऊन, माझ्या बायकोच्या हातचा चहा पिऊन, ते मला सांभाळून घेत होते. म्हाताऱ्या नातेवाइकाला घेतात तसं. माझ्या प्रत्येक वाक्यावर डोलणाऱ्या माना मला एकेक करून दिसल्या. मित्राचा राग आला असता तर बरं झालं असतं. पण तो खरोखर प्रेमानेच गप्प राहिला होता, त्यामुळे रागवायलाही जागा उरली नाही.

रुपया परत द्यायलाच हवा होता. पुढच्या रविवारी देता आला असता, पण सगळ्यांसमोर द्यायची हिंमत होईना. मी आर्णीवरून महागावची बस धरली आणि तिथून ऑटोने तांड्यावर गेलो. शिक्षिकाबाई अंगणातच होत्या. त्यांच्या आईने लगेच उकडलेल्या तुरीच्या शेंगांचं ताट पुढे ठेवलं. मी डबी बाईंच्या हातात दिली आणि बसमध्ये जुळवलेली सगळी वाक्यं विसरलो. एवढंच म्हणालो की रेघा आहेत, तुमचं बरोबर होतं, माझ्या डोळ्यात मोतीबिंदू होता.

त्यांनी मान हलवली. आईने विचारलं की कसल्या रेघा. बाईंनी त्यांच्या बंजारा भाषेत, गोरबोलीत समजावलं. त्यातला 'याडी' हा आईला हाक मारायचा शब्द तेवढा मला कळला. म्हातारीचा हात शेंगेवरच थांबला. मग ती माझ्याकडे वळून म्हणाली, "मीच घासत होते साहेब. दर दिवाळीले, राख अन् चिंच लावून. पूजेत ठेवाचा, तं मळका कसा ठेवाचा? माही सासूबी घासे. म्या खराब केला का?"

नाही, असं मी म्हणालो. खराब नाही झाला, फक्त त्या लोकांचा नियम तसा आहे. पण तिचं समाधान झालं नाही. तिने डबी हातात घेतली, प्लास्टिकवरून बोट फिरवलं आणि लेकीकडे असं पाहिलं, जणू तिच्या हातून घरातलं काही फुटलं होतं. ज्या कामाचा तिला आजवर अभिमान असेल, त्याची तिला लाज वाटायला लागली आणि ती माझ्यामुळे. मी सुरुवातीलाच रुपया घरात कसा ठेवता एवढा साधा प्रश्न विचारला असता, तर तो शहरात गेलाच नसता. ते मी कधी कुणाला विचारलंच नाही. माझा डोळा पुरेसा आहे असं मी धरून चाललो होतो.

शिक्षिकाबाई मला रस्त्यापर्यंत सोडायला आल्या. ऑटोची वाट पाहताना म्हणाल्या, "काकाजी, अंक नाई भेटला त्याचं मले काई नाई वाटलं. पण तुमी म्हणले दिवा धरता येत नाई, तं मी घरी येऊन खरंच किती दिवस टॉर्च घेऊन पाहत होते. वाटे, आपलंच काही चुकून राह्यलं."

मी माफी मागितली. त्यांनी "असू द्या" म्हटलं आणि ऑटोवाल्याला हात केला.

पुढच्या रविवारी मी गटासमोर सगळं सांगितलं. मला वाटलं होतं कुणी तरी चिडेल. पण एकाने डोळ्याच्या थेंबांबद्दल विचारलं, दुसऱ्याने त्याच्या मेव्हण्याची शस्त्रक्रिया कशी झाली ते सांगितलं आणि विषय गेला. मग कुणीतरी समजूत घातल्यासारखं म्हणालं, तरी ग्रेडिंग कडक झालं हे खरंच आहे.

गंमत अशी की ते खोटं नसेलही. नव्या डोळ्याने मी माझ्या जुन्या सीलबंद डब्या पाहिल्या आहेत. कंपनीने पूर्वी चांगला वरचा अंक दिलेल्या काही नाण्यांवर स्पष्ट रेघा आहेत. आज पाठवली तर ती त्या अंकाने परत येणार नाहीत असं मला वाटतं. म्हणजे माप खरंच बदललेलं असू शकतं. पण हे मी आता कोणत्या तोंडाने सांगू? मी जेव्हा ते छातीठोकपणे सांगत होतो, तेव्हा मला काहीच दिसत नव्हतं. त्यामुळे त्या दिवशी मी फक्त "माहीत नाही" म्हणालो.

शिक्षिकाबाई त्या रविवारी आल्या नव्हत्या, त्याच्या पुढच्याही नाही. नंतर एकदा आल्या, मागच्या खुर्चीवर बसल्या. एक नवा सभासद तांब्याचं नाणं घेऊन आला होता आणि त्याने ते सवयीप्रमाणे माझ्यापुढे ठेवलं. मी ते न पाहताच त्यांच्याकडे सरकवलं. त्यांनी दिवा जवळ ओढला, नाणं कलतं केलं आणि काही बोलायच्या आधी माझ्याकडे एकदा पाहिलं, परवानगी मागितल्यासारखं. मी खिडकीबाहेर बघायला लागलो.