बघून ठेवायची ठिकाणं

डिसेंबरच्या शेवटी जपानी ऑफिसं आठवडाभर बंद असतात. त्या सुट्टीत टोकियोच्या निशी-कसाई भागातल्या आमच्या इमारतीमधली बहुतेक भारतीय कुटुंबं बॅगा भरून मायदेशी जायची. आम्ही पहिल्या वर्षी गेलो नाही, कारण मी मुलीला घेऊन तिथे पोहोचून जेमतेम चार महिने झाले होते. नवरा माझ्या आधीपासून तिथे होता. पुण्याच्या एका सॉफ्टवेअर कंपनीने त्याला टोकियोतल्या एका बँकेच्या कामावर पाठवलं होतं. त्याला गाडी चालवायची फार हौस. जपानी लायसन्स त्याने आल्या आल्या काढून घेतलं होतं. तो म्हणाला, रिकाम्या टोकियोत बसून काय करायचं, समुद्राच्या कडेने फिरून येऊ.

स्टेशनजवळून भाड्याची एक छोटी पांढरी गाडी घेतली आणि बोसो द्वीपकल्पाच्या टोकाकडे निघालो. टोकियोचा हिवाळा कोरडा असतो. आकाश धुतल्यासारखं स्वच्छ, वारा बोचरा, रस्त्यावर माणूस नाही. एका वळणावर पाण्यापलीकडे फुजी दिसला, तेव्हा नवऱ्याने गाडी बाजूला घेऊन बराच वेळ बघितलं. कडेच्या शेतांमध्ये भर थंडीत मोहरी फुललेली होती. आम्ही मेथीचे पराठे गाडीतच खाल्ले. मुलगी मागच्या सीटवर झोपली. मला वाटलं, परदेशातलं आयुष्य असं असेल तर बरंच आहे.

तिथे थंडीत दुपारचा चहा होईतो अंधारून येतं. एका कोळीवाड्यातून अरुंद रस्त्याने जात होतो. डाव्या कडेला एक म्हातारी बाई वयस्क बायका ढकलतात तशी चाकांची गाडी ढकलत चालली होती. मला ती लांबूनच दिसली होती. त्यालाही दिसली असणार असं मी धरून चालले. आमची गाडी सरळ तिच्या अंगावर निघाली तेव्हा मी ओरडले. त्याने ब्रेक दाबला. गाडी थांबली तेव्हा म्हातारीमध्ये आणि बंपरमध्ये हाताएवढं अंतर होतं. तिने आमच्याकडे बघून कमरेत वाकून माफी मागितली, जणू चूक तिचीच होती, आणि गाडी ढकलत निघून गेली.

नवरा म्हणाला, "कुठे होती ती?"

मला आधी वाटलं तो चिडलाय. मग बघितलं तर तो मान डावीकडे वळवून तिला अजून काचेतून शोधत होता. त्याने सांगितलं की ऑफिसमधून परतताना भुयारी रेल्वेच्या जिन्यावर तो कठडा धरूनच उतरतो. दुकानात लोकांना धडकतो, गर्दीमुळे होत असेल असं वाटायचं. अंधार पडला की कडेचं काही दिसत नाही. हे किती दिवस चाललंय ते त्यालाही नीट सांगता येईना. मला तेव्हा तिथे गाडी चालवायची परवानगी नव्हती. आम्ही मासळीच्या गोदामाबाहेर गाडी लावली आणि समोरच्याच छोट्या मुक्कामाच्या घरात जाऊन राहिलो.

सुट्टी संपल्यावर त्याच्या ऑफिसमधल्या एक प्रौढ बाई आमच्याबरोबर दवाखान्यात आल्या, बोलणं समजावून सांगायला. डॉक्टर पुष्कळ बोलले आणि बाईंनी थोडंच सांगितलं. रेटिना आतून मरत जातो, आधी कडा आणि शेवटी मध्य. औषध नाही, शस्त्रक्रिया नाही. मग डॉक्टर आणखी काही म्हणाले आणि बाई अडखळल्या. त्यांना इंग्रजी शब्द सापडेना. त्यांनी पर्समधून डिक्शनरीचं छोटं यंत्र काढलं, शब्द टाइप केला आणि पडदा आमच्याकडे फिरवला. त्यावर होतं, हेरेडिटरी, म्हणजे आनुवंशिक. डॉक्टरांनी माझ्या मांडीवरच्या मुलीकडे बघितलं आणि तिचीही तपासणी करून घ्या, असं सुचवलं.

"नंतर बघू," नवरा म्हणाला.

मी मुलीला कडेवर घेऊन उठले. ती चार वर्षांची होती.

घरी कळवायचं नाही, हे त्याने त्याच दिवशी ठरवलं. सासरे तो लहान असतानाच गेले होते. सासूबाईंनी शाळेत नोकरी करून त्याला एकटीने वाढवलं होतं. पुण्यात त्या एकट्या राहत होत्या. ते ऐकून त्या झोपणार नाहीत, असं तो म्हणायचा. त्यामुळे पुढच्या हिवाळ्यातही भारतात जाणं नको झालं; घरात वावरताना आईच्या लक्षात आलं असतं. त्या रिकाम्या आठवड्यात काय करायचं हेही त्यानेच ठरवलं. जपानचा मोठा नकाशा आणून त्याने जमिनीवर पसरला आणि गुडघ्यांवर बसून, मान इकडून तिकडे फिरवत तो किनारे शोधायला लागला.

"दिसतंय तोवर बघून ठेवतो," तो म्हणाला. "गाडी तू चालव."

हिवाळाच का, असं मी एकदा विचारलं. वसंतात सगळे जातात, चेरीची फुलं बघतात; आपणही जाऊ. तो म्हणाला, तेव्हा सगळंच भरून आलेलं असतं, एकात एक मिसळतं. थंडीत झाडं उघडी असतात आणि प्रत्येक गोष्टीची कड वेगळी दिसते. मग मी पुन्हा विचारलं नाही.

लायसन्ससाठी मी परीक्षेला बसले आणि पुन्हा पुन्हा नापास झाले. पुण्यात स्कूटर आणि गाडी दोन्ही चालवलेल्या बाईला त्या रिकाम्या मैदानावर वळता येत नाही असं तिथल्या परीक्षकाचं मत पडलं. वळताना दोन्ही बाजूंना मान वळवून बघितलंस हे मला दिसलं पाहिजे, तो म्हणायचा. शेवटी मी मान इतकी वळवली की दुखायला लागली, आणि पास झाले.

त्या हिवाळ्यात आम्ही विमानाने नोतोला गेलो आणि तिथून गाडी घेतली. जपानच्या पश्चिमेचा समुद्र वेगळाच. आकाश खाली आलेलं, पाणी शिशासारखं, आणि डोंगर थेट लाटांमध्ये उतरलेला. रस्ता त्या दोघांच्या मधून जाईल तसा जायचा. थंडी आणि वारा पुरेसा असला की तिथल्या खडकांवर समुद्राचा फेस घट्ट होतो आणि गोळे हवेत उडतात. त्याला लाटांची फुलं म्हणतात. नवऱ्याने त्याबद्दल कुठेतरी वाचलं होतं आणि त्याला ते बघायचंच होतं. मुक्कामाच्या घरातल्या काकू रोज सकाळी दारातून वारा बघायच्या आणि आज नाही म्हणायच्या. निघायच्या दिवशी त्यांनी स्वतःहून येऊन सांगितलं की आज जा.

खडकांपाशी उभं राहवत नव्हतं इतका वारा होता. फेसाचे पांढरे गोळे खालून उठत, डोक्यावरून जात आणि रस्त्यापलीकडच्या डोंगराला जाऊन चिकटत. मुलगी आनंदाने वेडी झाली. ती बालवाडीत जायला लागल्यापासून जपानीतच बोलायची. "बाबा, कोच्ची, कोच्ची," इकडे बघ, इकडे बघ, असं म्हणत ती धावत होती. तो मान वळवायचा तोवर गोळा पुढे गेलेला असायचा. नळीतून उडता पक्षी शोधावा तसा तो शोधत होता. थोड्या वेळाने त्याने शोधणं सोडलं आणि समोर एका जागी नजर लावून उभा राहिला, की कधीतरी एखादा तिथून जाईल. एक गेला असावा. तो हसला, आणि मग चेहरा पुसायला लागला. खारं पाणी उडत होतं, त्यामुळे नक्की काय पुसत होता ते मला कळलं नाही.

परतल्यावर ऑफिसमधलं काम अवघड होत गेलं. कर्सर पडद्यावर हरवायचा. दवाखान्यात आलेल्या त्या ऑफिसमधल्या बाई त्याच्या चुका गुपचूप दुरुस्त करायच्या, हे त्याला कळत होतं आणि त्याबद्दल तो त्यांच्याशी कधी बोलू शकला नाही.

शेवटची सहल त्याच्या पुढच्या थंडीत देशाच्या आतल्या भागात झाली, आइझूच्या डोंगरांमध्ये. समुद्र आता पुरे, असं तो म्हणाला. हलणारं काही सापडत नाही. स्थिर असं काहीतरी बघू. आत आत जावं तसा बर्फ वाढत गेला. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना गाडीपेक्षा उंच भिंती. बर्फाचे टायर होते, तरी मी जीव मुठीत धरून चालवत होते. मधेच एखादी खाच यायची आणि तिथून उतरत्या छपरांची घरं, काळी झाडं, गोठलेली नदी दिसायची. मी गाडी थांबवली की तो खाली उतरायचा. दुसऱ्या दिवशी ऊन पडलं, आणि ते त्याच्यासाठी सगळ्यात वाईट झालं. काळा चष्मा लावूनही त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. मी म्हटलं, समोर झाडं आहेत, डावीकडे एक देऊळ आहे.

"मला सगळं एकच दिसतंय," तो म्हणाला. "चल, आत बसू."

तो गाडीत डोळे मिटून बसला. हीटरचा आवाज येत होता. मुलगी बाहेर बर्फ गोळा करत होती, आणि तिला हाक मारून आत बोलवावं एवढंही दोघांना सुचलं नाही.

नवीन वर्षाच्या दिवशी मुक्कामाच्या ठिकाणच्या फोनवरून सासूबाईंना शुभेच्छा द्यायला फोन लावला. मला वाटलं नेहमीचं चार वाक्यांचं बोलणं होईल. पण तो एकदम म्हणाला, आई, माझे डोळे जातायत. मग त्याने सगळं सांगितलं. पलीकडून त्या जे बोलल्या ते तो मला कळावं म्हणून एकेक वाक्य मोठ्याने परत म्हणत गेला. त्याचे मोठे काका आंधळे होते, आणि त्यांचे डोळे देवीच्या रोगात गेले असं आम्हाला सगळ्यांना माहीत होतं. ते खोटं होतं. आणि त्याचे वडील संध्याकाळी कामावरून येताना सायकलवर बसत नसत. ती हातात धरून चालत येत. ते लवकर गेले, म्हणून पुढचं कोणी पाहिलं नाही.

त्याने रिसीव्हर माझ्या हातात दिला.

मी म्हटलं, "म्हणजे तुम्हाला माहीत होतं?"

"मुलगा हुशार होता, चांगला होता," त्या म्हणाल्या. "लग्नाच्या बैठकीत काय सांगणार होते मी?" आणि मग अगदी हळू विचारलं, "पोरीला दाखवलंस का कुठे?"

मी फोन ठेवला. पुढचे दोन दिवस उतरत्या रस्त्यांवर गाडी चालवताना मला फक्त मागच्या सीटवरचं हुंदडणं ऐकू येत होतं. प्रत्येक वेळी ती काही पाडायची किंवा तिचा पाय कशाला लागायचा, तेव्हा मी आरशात बघायचे आणि तो मान मागे वळवायचा.

मंदी आली तेव्हा बँकेने बाहेरची माणसं कमी केली. त्यात पहिलं नाव त्याचं होतं. ऑफिसमधल्या त्या बाई आम्हाला निरोप द्यायला विमानतळापर्यंत आल्या आणि फार वेळ वाकून उभ्या राहिल्या. आम्ही पुण्यात सासूबाईंच्या घरी आलो. त्यांच्याशी भांडायचं मी मनाशी ठरवून आले होते, पण त्या आता म्हाताऱ्या झाल्या होत्या आणि मुलाचा हात धरून त्याला गॅलरीत नेत होत्या. मी स्वयंपाकघरात जाऊन कुकर लावला. त्या विषयावर आम्ही दोघी नंतरही बोललो नाही. त्या गेल्या तेव्हाही ते तसंच राहिलं.

मुलीची तपासणी आम्ही लांबवत गेलो. मग एकदा शाळेच्या संध्याकाळच्या कार्यक्रमात ती स्टेजवरून खाली उतरताना पडली. सगळे हसले, तीही हसली. आम्ही हसलो नाही. पुण्यातल्या डॉक्टरांना तिच्या तपासणीचे कागद बघायला वेळ लागला नाही. माझ्या नवऱ्याने विचारलं, तीच गोष्ट का? ते हो म्हणाले.

आता ती कॉलेजात आहे. संध्याकाळनंतर मी तिला आणायला जाते. जपानी पार विसरली आहे. मागच्या थंडीत मी तिला म्हटलं, आपण गाडी काढून कुठेतरी जाऊ या, कोकणात उतरू, नाहीतर थेट हिमाचलपर्यंत जाऊ. अजून तुला चांगलं दिसतंय.

"मला काही बघून ठेवायचं नाहीये, आई," ती म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "बाबाने ठेवलं. काय झालं त्याचं?"

तो शेजारच्या खुर्चीत बसला होता. आता त्याला उजेड आणि अंधार एवढंच कळतं. मला वाटलं तो तिला समजावेल. नोतोचा समुद्र, बर्फातली ती घरं, काहीतरी सांगेल.

"ती म्हणते ते खरं आहे," तो म्हणाला. "मी आठवायला गेलो की तुझा आवाजच आठवतो. डावीकडे देऊळ आहे, समोर झाडं आहेत. मी ते बघितलं होतं की तू सांगितलं होतंस, ते आता मला वेगळं काढता येत नाही."

मुलगी उठून तिच्या खोलीत गेली. गाडीच्या किल्ल्या माझ्या हातात होत्या, त्या मी खुंटीला अडकवल्या.