धुवट

आमच्या ह्यांना माणसं कळत नाहीत, कापड कळतं. जन्मभर जकात खात्यात कापड तपासायची नोकरी केली. बंदरात परदेशातून सुती कापडाचे गठ्ठे उतरायचे. व्यापाऱ्याने कागदावर काहीही लिहिलेलं असो, हे गठ्ठ्यातून वीतभर तुकडा कापून टेबलावर घ्यायचे. शितावरून भाताची परीक्षा म्हणतात ना, तशी ह्यांची चिंधीवरून गठ्ठ्याची. सूत किती टक्के, वीण साधी की तिरपी, चौरस मीटरला वजन दोनशे ग्रॅमच्या आत की वर. मग कापड कोरं, म्हणजे गिरणीतून आलं तसंच पिवळट. की धुवट, म्हणजे धुऊन पांढरं केलेलं. की रंगवलेलं, की छापील. एवढं ठरलं की कर ठरला. व्यापारी हुज्जत घालून घालून थकायचे, हे भिंगातून मान वर करायचे नाहीत.

आमच्या घरी पहिल्यांदा आले तेव्हा माझ्या तोंडाकडेसुद्धा बघितलं नाही. बाहीकडे बघून म्हणाले, "छापील. दोनशेच्या आतलं." माझी बहीण आत जाऊन पोट धरधरून हसली. म्हणाली, "अगं, हा तुला पसंत करायला आलाय की तुझ्यावर कर लावायला?"

संसारातही तेच. पडदा आणा, उशीचा अभ्रा आणा, आधी चिमटीत धरून बघणार. नवं कापड धुतल्याशिवाय अंगाला लावू द्यायचे नाहीत. "खळ असते गं. खळ फसवते. ती गेली की उरतं ते खरं कापड." खळ फार चढवलेली असली की धागा नीट दिसत नाही, म्हणून ऑफिसातही नमुना आधी धुऊन वाळवायचे आणि मगच भिंगाखाली घ्यायचे. मी म्हणायचे, "एक दिवस मलाही धुऊन वाळत घालाल!" त्यावर आमची लेक, आमची चिमणी, बापाची बाजू घ्यायची. "आईची खळ नाही हो जायची, बाबा!" दोघं एका माळेचे मणी.

ती चिमणी गेली. साधा ताप म्हणता म्हणता हातची गेली. कॉलेजचं शेवटचं वर्ष होतं. दवाखान्यात नेताना अंगातला निळ्या चौकड्यांचा शर्ट बदलला होता, तो दारामागच्या खुंटीवर तसाच राहिला. मी तो पेटीत ठेवला. धुतला नाही. हे कामावर गेले की मी दार लावून घ्यायचे, शर्ट काढायचे, छातीशी धरायचे आणि कॉलरमध्ये तोंड खुपसून बसायचे. तिचा वास होता त्यात. मानेचा, केसांचा, घामाचा. खोटं कशाला सांगू, त्या वासावर मी जगत होते. दुसरं काही उरलंच नव्हतं.

आणि हे? डोळ्यांत टिपूस नाही. मुकाट्याने कामावर रुजू झाले. लोक म्हणाले, धीराचा माणूस आहे. मी मनात म्हणायचे, कसला धीर, दगड आहे नुसता.

एका रविवारी मी बहिणीकडे गेले होते. परत येऊन बघते तर मागच्या अंगणात दोरीवर तो शर्ट. खालच्या फरशीवर पाणी ठिबकत होतं.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "अहो, काय केलंत हे! हात कसे झडले नाहीत तुमचे!" काय काय बोलले देव जाणे. ह्यांनी ओल्या हातांनी कॉलर सरळ केली.

"घामाने सूत कुजतं गं," ते म्हणाले. "कॉलर पिवळी पडायला लागली होती. कसर लागली असती, चाळण झाली असती. मला तिचा शर्ट टिकवायचा होता."

"शर्ट कुणाला हवाय? मला तिचा वास हवा होता!"

हे पायरीवर बसले. खाली बघत म्हणाले, "तिचा कुठे राहिला होता? तू अंघोळीला गेलीस की मीपण पेटी उघडायचो. आधी होता तिचा. मग कमी कमी होत गेला. तू रोज छातीशी धरायचीस ना... हल्ली त्याला तुझाच वास यायचा."

माझ्या तोंडून निघून गेलं, "मग तिला तरी दुसऱ्या कुणाचा वास होता हो?"

हे ओल्या हातांनी तोंड झाकून हमसाहमशी रडायला लागले. इतक्या वर्षांत मी ह्यांना रडताना कधी बघितलं नव्हतं. मी शेजारी जाऊन बसले. राग गेला नव्हता. अजूनही गेलेला नाही. पण पाठीवर हात ठेवला, दुसरं कोण ठेवणार होतं?

संध्याकाळी शर्ट वाळला. मी काढून आणला आणि नाकाशी धरला. साबण होता, ऊन होतं. ती नव्हती, मीही नव्हते. घडी घालून पेटीत ठेवलाय. ह्यांच्या म्हणण्याप्रमाणे अजून खूप वर्षं टिकेल. टिकू दे. आता आम्ही दोघंही ती पेटी उघडत नाही.