भुताच्या पोस्टरला मी दिलेले मार्क

मंडळी, मी सांगतेय आणि नात सायली लिहितेय, कारण मला अक्षर येत नाही. जीभ मात्र लई चालते. आज तिनंच घात केला.

दुपारी सायलीनं मोबाईलवर भुताच्या सिनेमाच्या दुसऱ्या भागाचं पोस्टर दाखवलं. "आज्जी, दहापैकी किती?" पोस्टरवरच्या बाईला कपाळभर कुंकू आणि कमरेपर्यंत जट.

मी म्हटलं, "दोन! ही कसलं भूत? आपल्या शेजारच्या शांताक्काला उभी केली असती, तर थेटरातली माणसं पळाली असती की."

सायली हसली नाही. शांताक्का दारातच उभी होती, माझ्यासाठी वाटीत शेंगाचटणी घेऊन. तिची जट देवीची आहे, तरणेपणापासूनची. हळद लावून मीच कितीदा बांधून दिलीय.

"पोरं भेत्यात मला, ठावं हाय की," ती म्हणाली. "तू भेत न्हवतीस, म्हणून तर तुज्याकडं येत हुते."

वाटी ठेवून ती गेली. सायलीनं ट्रेलर लावला, मला बघवेना.

आपल्याच माणसाची अशी टिंगल करून तुम्ही कधी फसलात का? मग त्याच्या दारात कुठल्या तोंडानं गेलात, तेवढं सांगा. मला आजच जायचंय.