फक्त कडेला खळ

खळमावशींनी सत्तरी ओलांडलीय, पण त्या दुपारी त्यांना धावताना पाहिलं असतं तर तुम्ही म्हणाला असता, ही बाई शर्यत जिंकूनच थांबणार! एका पायात स्वतःची चप्पल, दुसऱ्यात सुनेची, हातात खळीचा ब्रश तसाच, आणि मागून सून ओरडतेय, "अहो आई, निदान तो ब्रश तरी ठेवा!"

ब्रश कसला ठेवतायत? रद्दीवाल्याचा फोन आला होता. "मावशी, सरकार बदललं, शाळेचा इतिहासही बदलला. जुनी पुस्तकं निघाली गोदामातून. तीनशे आहेत, तुमच्याच बांधणीची. चार वाजता लगद्याच्या कारखान्याचा ट्रक येतोय. तुम्ही सांगून ठेवलं होतं ना?"

सांगून ठेवलं होतं म्हणजे काय! अठ्ठावीस वर्षं त्या माणसाचं डोकं खाल्लं होतं.

मावशी बाइंडर. वडिलांचं दुकान, तिथेच त्या आणि त्यांचा दादा लहानाचे मोठे झाले. कोपरापर्यंत खळ माखलेली असायची म्हणून नाव पडलं खळमावशी. लग्नात बोहल्यावरही नखांत खळ होती म्हणतात, आणि मावशी ते नाकारत नाहीत. वडील तसे गरीब स्वभावाचे, पण एका गोष्टीला माफी नव्हती. कागदावर कागद चिकटवून पुठ्ठा करायचा तर खळ काठापासून काठापर्यंत लागली पाहिजे. "मध्ये पोकळ सोडलंस तर माझं नाव लावू नकोस." दादाने ते ऐकलं आणि लेखणी धरली. मावशींनी ऐकलं आणि जन्मभर पाळलं. एकदा सोडून.

ते एकदा म्हणजे युद्धात. परक्याशी लढाई असली तर शत्रू निदान ओळखू येतो हो! इथे पुलाच्या अलीकडचे विरुद्ध पलीकडचे, काल एकमेकांच्या पंगतीला बसलेले. दादा वेडा, तो पुलाच्या दोन्ही बाजूंना हिंडला. कोण काय म्हणतं, कोणाचं कोण गेलं, सगळं लिहून काढलं. दोनशे चोवीस पानं, एकच प्रत. एका सकाळी ती बहिणीच्या हातात दिली, "सांभाळ" म्हणाला, आणि संध्याकाळी त्याला धरून नेलं.

त्याच आठवड्यात जिंकलेल्यांचा हुकूम आला. नव्या इतिहासाची तीनशे पुस्तकं, आठ दिवसांत, पक्क्या बांधणीची. बाजारात पुठ्ठा नाही? मग रद्दी चिकटवून कर. मावशी शिवायला बसल्या आणि वाचलं, 'शहर एकही गोळी न झाडता ताब्यात आले.' मान वर केली तर समोरच्या भिंतीला अकरा भोकं! एवढं धडधडीत खोटं, आणि तेही आपल्याच हातांनी शिवायचं. त्यांचं डोकंच फिरलं.

गल्लीत झडत्या सुरू होत्या. मावशींनी दादाची पानं त्याच इतिहासाच्या पुठ्ठ्यांत घातली. आठ पानांचा एक पुठ्ठा, पुस्तकाला दोन, म्हणजे चौदा पुस्तकं. पण खळ पूर्ण फासली तर शाई उतरणार, अक्षर मरणार. वडिलांची मनोमन माफी मागून त्यांनी फक्त कडेला खळ लावली. खूण म्हणून त्या चौदांच्या पाठीच्या टोकाला पांढऱ्याऐवजी लाल दोरा शिवला. उरलेली रद्दी अंगणात जाळली, झडतीवाल्यांना राख दिसावी म्हणून. पुढे काहीतरी करून ती चौदा बाजूला काढायची, असा बेत होता. ट्रक दोन दिवस आधीच आला आणि सगळी घेऊन गेला.

चार वर्षांनी दादा सुटला. शेजाऱ्यांनी त्याला राखेची हकीकत आधीच सांगितली होती. मावशींनी खरं ते सगळं सांगितलं.

"मग दाखव," दादा म्हणाला.

काय दाखवणार? पुस्तकं सरकारी कपाटांत, मागायला जावं तर मान सुळावर.

"जाळलीस ते जाळलीस, वर गोष्टी रचू नकोस," एवढं बोलून तो गेला. दोन गल्ल्या सोडून राहायचा, पण चोवीस वर्षांत दुकानाची पायरी चढला नाही. इकडे चौदा पुस्तकांचे पुठ्ठे फुगले. शाळांच्या तक्रारी आल्या, कामं बंद झाली, 'खळमावशींचे पुठ्ठे फुगतात' हे धंद्यात तोंडोतोंडी झालं. मावशींनी अवाक्षर काढलं नाही. कोणी पुठ्ठा फोडून बघू नये, एवढंच मनात.

आता सांगा, ब्रश ठेवायला वेळ होता का?

गोदामात पुस्तकांचा ढीग छातीपर्यंत. सासू-सुना दोघी त्यात घुसल्या. पांढरा, पांढरा, पांढरा... लाल! मावशी अशा ओरडल्या की रद्दीवाल्याच्या हातून तराजू पडला. दुसरं, पाचवं, नववं. "आई, इथे बघा, फुगलंय!" सून नाचायचीच बाकी होती. चार वाजले, ट्रक आला. रद्दीवाल्याने ड्रायव्हरला चहावर चहा पाजला, घरच्या तीन पिढ्यांची चौकशी केली. तेरावं मिळालं. चौदावं काही मिळेना. शेवटी ढीग गेला. मावशींनी तेरा पुस्तकं पदराखाली घेतली आणि सुनेला म्हणाल्या, "दादाकडे जा. म्हणावं, दाखवते."

दादा दुकानात आला. काठी टेकत, कपाळाला आठ्या. "पाचच मिनिटं बसेन," म्हणाला. बसला मात्र नाही.

मावशींनी सुरी घेतली, पुठ्ठ्याच्या चारही कडा छाटल्या, आणि पानं सुटी झाली. कोरडी, स्वच्छ, अक्षर जसंच्या तसं. दादाने अक्षराकडे पाहिलंच नाही. छाटलेली कड उचलली, तिच्यावरून अंगठा फिरवला. बापाच्या हाताखाली शिकलेला तोही.

"फक्त कडेला?"

"फक्त कडेला."

"आणि ते फुगतात म्हणून लोक तुला..."

"ते फुगलेले पुठ्ठे हेच."

"बाबांनी हात तोडला असता तुझा," दादा म्हणाला आणि ढसाढसा रडला. मावशीही रडल्या, पण सुरी थांबवली नाही. अजून बारा बाकी होती!

दोनशे आठ पानं निघाली. दादाने ती लावली आणि मध्येच थांबला. "पुलावरच्या पाववालीची सोळा पानं नाहीत. तिचं मला आता अक्षरही आठवत नाही गं. ती बिचारीही गेली."

"मला आठवतं," मावशी म्हणाल्या. "एका पुठ्ठ्याची खळ वाळेपर्यंत पुढची पानं वाचतच होते की. किती वेळा वाचलं असेल!"

दादाने मावशींच्या कानामागची पेन्सिल काढून घेतली, वडिलांचं स्टूल ओढलं आणि बसला.

"सांग. सावकाश सांग, मी लिहितो."

मावशींनी हात पुसले. "ती म्हणाली होती, 'त्या दिवशीही मी पाव दोन्हीकडच्यांना पुरतील एवढेच भाजले होते...'"