गुप्तदान

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीलाही नाही. तुम्हाला का सांगतेय, तेही मला नीट कळत नाही.

मी सांगलीत विश्रामबागेला राहते. कॉलेजात शिकवायची. निवृत्त झाल्यावर पूर्वेकडच्या कोरड्या गावांना पाणी मिळावं म्हणून आम्ही काही जणांनी संस्था काढली — मी सचिव. नियमावलीही मीच लिहिली. त्यात एक कलम मोठ्या तोऱ्यात घातलं : प्रत्येक देणगीदाराचं नाव वार्षिक सभेत मोठ्यानं वाचायचं.

मग निवडणूक आली. एका उमेदवारानं माणूस पाठवला. गाड्या, पत्रकं, मंडप — सगळा खर्च तो करणार. अट एवढीच, की त्याचं नाव कुठंही यायचं नाही. आम्ही बोलायचं त्याच्या विरोधकाविरुद्ध. ते तर आम्ही तसंही बोलतच होतो — मग बिघडलं काय? मनाची समजूत घालायला मी पहिल्यापासून हुशार.

सभेत यादी वाचताना त्याच्या जागी मी म्हणाले, ‘गुप्तदान.’ कुणी काही विचारलं नाही. देवळाच्या पाटीवरही असतंच की! एका म्हाताऱ्यानं तर हात जोडले. मला बरं वाटलं — हो, खरंच बरं वाटलं.

पण जनाक्का होती ना. मेंढरांमागं निम्मा जन्म काढलेली, आता थोडी बाजरी करणारी. तिच्या शब्दावर गावंच्या गावं आमच्याबरोबर आली होती. प्रचारात एका गावी कुणीतरी विचारलं, ह्या गाड्या कुठल्या पुढाऱ्याच्या? जनाक्कानं माझ्याकडं पाहिलं. मी मान हलवली — कुणाच्याच नाहीत, म्हणून. तिनं कमरेच्या पिशवीतला भंडारा तळहातावर घेतला आणि बिरोबाची शपथ घेतली. ‘कुना पुढाऱ्याचा पैसा आमी घेतल्याला न्हाई. खोटं असंल तर माज्या घराचं वाटुळं हुईल.’

तिचा हात धरायला कितीसा वेळ लागला असता? मी शेजारीच उभी होते.

उमेदवार निवडून आला. गाड्या परत गेल्या. पाणी आलं नाही.

पुढच्या वर्षी जनाक्काची सून बाळंतपणात गेली. त्या शपथेचा आणि ह्या मरणाचा काही संबंध नाही, हे मला कळतं — जन्मभर विज्ञान शिकवलं मी. पण भेटायला गेले, तेव्हा ती मला विचारत होती, ‘आवं बाई, आमी कवा खोटी आन घेतली न्हाई. मग देवानं आमचंच घर का बघितलं?’

खरं सांगितलं असतं, तर सून आपल्याच जिभेनं गेली असं तिला वाटलं असतं — म्हणून गप्प राहिले, असं म्हणू? नको. ते मला घरी परतल्यावर सुचलं. तिथं बसले होते तेव्हा डोक्यात एकच होतं : हिला कळलं तर चारचौघांत माझी काय किंमत राहील?

तिच्या पाठीवरून हात फिरवत मी म्हणाले, ‘देवाचं कुणाला कळतं, जनाक्का?’

तिनं मान डोलावली. माझं ती नेहमीच ऐकते.