अण्णाने वाकवलेली नळी

अण्णा गेल्याचं मला बाजारात कळलं. पालघरच्या भाजीबाजारात मी वांगी निवडत होते. अण्णाच्या गोदामातले एक सहकारी गर्दीतून वाट काढत आले. "ताई, घरी चला," एवढंच म्हणाले. कावीळ झाल्याचं आम्हाला माहीत होतं. ती एवढ्या थराला गेल्याचं नव्हतं. त्यानंतरचे कितीतरी दिवस बोईसरहून माणसं येत राहिली आणि प्रत्येकजण एकच शब्द बोलून गेला... देवमाणूस. तो शब्द ऐकला की माझी मान खाली जाते. हयात असताना अण्णाला तो कुणी म्हटला, की तो उठून आत निघून जायचा. का, ते मला ठाऊक आहे. म्हणून हे लिहिते आहे.

माझा हा थोरला भाऊ तारापूरला अणुवीज प्रकल्पाची उभारणी नुकतीच सुरू झाली, तेव्हा सांगलीकडून इकडे आला. एका ठेकेदाराच्या गोदामात कारकून म्हणून लागला आणि बोईसरला जनूभाऊंच्या घरात एक खोली भाड्याने घेऊन राहिला. जनूभाऊ आणि त्यांची बायको बायजी, दोघंच. घरामागे त्यांची भाजीची वाडी. अण्णाला दिवसभर गोदामात निरनिराळे पाइप दिसत आणि हातांना चैन पडत नसे. आपणही घरी खुर्ची, स्टँड, काहीतरी करावं, असं त्याने मनात घेतलं. पाइप कापणं सोपं, जोड देणारा वेल्डर शेजारीच होता. अडत होतं ते वाकवण्यापाशी.

पाइप वाकवायचं यंत्र घ्यायला तो मुंबईच्या जुन्या बाजारात गेला, तेव्हा मी बरोबर होते. दोन यंत्रं त्याने बाजूला काढायला लावली. एक जड, जमिनीत बोल्टांनी घट्ट बसवावं लागणारं. पाण्याच्या जाड पाइपालाही गोलाई देणारं, आणि प्रत्येक मापाच्या पाइपासाठी खोबणीचं वेगळं चाक असलेलं. दुसरं हलकं, लांब दांड्याचं, पायाने दाबून धरायचं. विजेच्या तारा घालतात त्या पातळ नळ्यांसाठी केलेलं. अण्णा जड यंत्र घ्यायचं ठरवूनच घरून निघाला होता. पण बायजीची ओटी मातीची, बोल्ट ठोकणार कशात? शिवाय हलकं यंत्र खांद्यावर टाकून नेलं, तर रविवारी काम सुरू करता येणार होतं.

"मोठं का नको?" मी विचारलं.

"घरच्या कामाला एवढं कशाला, शालू? पाइप पातळ घेऊ, म्हणजे झालं."

पातळ नळीची टॉवेलची घोडी झाली, कुंड्यांचं स्टँड झालं, माझ्या घरी एक सुबक खुर्ची आली. आळीतले लोक बघायला येत. अण्णाची छाती फुगे, आणि खरं सांगायचं तर माझीही.

त्याच सुमारास जनूभाऊंना अर्धांगाचा झटका आला. डावा पाय गेल्यात जमा झाला. वाडीतली वांगी, मिरच्या ते ओटीवरून बघत बसत. अण्णाने त्यांच्यासाठी दोन्ही हातांनी धरून चालायची चौकट केली; तीही त्याच नळीची. जनूभाऊ पहिल्यांदा वाडीपर्यंत गेले, तेव्हा बायजी रडली. पुढे ते रोज जाऊ लागले.

एका सकाळी पाण्याचा पाट ओलांडताना चौकट मोडली आणि जनूभाऊ कुशीवर आपटले. खुब्याचं हाड मोडलं. पालघरला नेलं, पण हाड सरळ जुळलं नाही. घरी आणलं तेव्हा अंगणात शेजारीपाजारी जमलेले, मीही होते. बायजी नवऱ्यावरच चिडली होती.

"किती सांगितला, पाटाकडे जाव नको. आयकतय कोन? आता पड जल्माचा!"

जनूभाऊंनी चोरासारखं तोंड भिंतीकडे फिरवलं. "चुकला माजा," ते पुटपुटले.

अण्णा खांबाला टेकून उभा होता. त्याचा चेहरा मला अजून दिसतो... तो पुढे आला आणि सगळ्यांदेखत म्हणाला, "त्यांचं काही चुकलं नाही. वाकवताना नळी आतून चेपली होती, सुरकुती पडली होती. मला दिसली होती. मी ती कानशीने घासली आणि वर रंग दिला."

बायजीच म्हणाली, "आसू दे, अण्णा. तू कय मुद्दाम केला? चार पावला तरी चालला तो तुज्यामुले."

तिने चार शिव्या दिल्या असत्या, तर अण्णा सुटला असता. त्या क्षमेने तो खचला. पुढे त्याने जड यंत्र आणलं, ओटीच्या कोपऱ्यात सिमेंट ओतून बसवलं, जाड पाइपाची नवी चौकट केली. बैल बांधला तरी हलली नसती. पण तिला धरून उभं राहायला जनूभाऊंपाशी पायच उरला नव्हता. मग रोज सकाळी कामावर जाण्याआधी अण्णा त्यांना खाटेवरून उचलून वाडीत खुर्चीवर नेऊन बसवू लागला. प्रकल्पाची वसाहत झाली, त्याला तिथे खोली मिळत होती. तो गेला नाही. लग्नाचा विषय काढू देईना.

"हे किती दिवस चालायचं?" मी एकदा रागाने विचारलं.

"ते उभे राहतील तोवर."

"ते आता उभे राहणार नाहीत, अण्णा."

"माहीत आहे मला," तो म्हणाला.

लोकांनी हे रोजचं उचलणं पाहिलं आणि त्याला देवमाणूस ठरवलं. त्यामागची लाज ज्यांनी अंगणात ऐकली होती, तेही ती विसरून गेले. अण्णा नाही विसरला.

परवा मी त्याची खोली रिकामी करायला गेले. सकाळची वेळ. बायजी चुलीपाशी चहा करत होती. मी कपडे बांधत होते, तेवढ्यात आतल्या खाटेची कुरकुर ऐकू आली. दारातून पाहिलं, तर जनूभाऊ सरकत सरकत खाटेच्या कडेला आले होते आणि त्यांनी दोन्ही हात वर केले होते... उचलून घेण्यासाठी. समोर मी दिसले तसे हात पटकन खाली आले आणि चादरीत गेले.

"सवय, ताय," ते ओशाळून म्हणाले. "चुकला."

तो शब्द मला ऐकवेना. मी आत गेले, त्यांच्या बगलेत हात घातला. जमेना. बायजी चूल सोडून आली, तिने दुसरी बाजू धरली. तिघंही धापा टाकत मागच्या दारापर्यंत पोचलो.

"खांदा खाली घे, ताय," जनूभाऊ म्हणाले. "अण्णा घ्यायचा."

मी खांदा खाली घेतला.