उशिराचा पाट

वत्सलाआत्या गेल्याचा फोन आला तेव्हा माझी अर्धी दाढी झाली होती. नगरला, आमच्या कोपऱ्यावरच्या सलूनमध्ये. (बसच्या पाटीवर आता अहिल्यानगर आलंय, पण कंडक्टर अजून नगर म्हणूनच ओरडतो, तेव्हा मलाही सांभाळून घ्या.) डावा गाल गुळगुळीत, उजव्या गालावर फेस आणि फोनवर सुनंदा, आत्याची मुलगी. "बाळूदादा, आई गेली रे. झोपेतच. नर्स सकाळी उठवायला गेली तर..." मी 'आलोच' म्हणून उठलो, तर सलूनवाल्याने हात वरच्या वर धरून विचारलं, "काका, उरलेली करू का राहू देऊ? सुतकात चालत नाही म्हणतात." आत्याचं सुतक भाच्याला लागतं का, लागलं तर किती, आणि ते अर्ध्या गालावर कसं मोजायचं, याचा निर्णय देण्याचा अधिकार आमच्या घराण्यात एकाच व्यक्तीला होता, आणि तीच नुकती गेली होती. मी फेस पुसला आणि तसाच निघालो.

दवाखान्यातून आत्याला घेऊन आम्ही शेवगावला तिच्या घरी पोहोचलो, तर दारात अंजनाबाई. आत्याच्या शेजारीण, मैत्रीण आणि पोथीच्या पहिल्या श्रोत्या. त्या हंबरडा फोडून रडल्या, पदराने डोळे पुसले आणि मग माझ्याकडे बघतच राहिल्या. "व्हय रं बाळू, आर्धीच क्येली?" ओटीवर बसलेल्या बायका रडता रडता तोंडाला पदर लावून हसल्या. पन्नाशी ओलांडलेल्या माणसाला अशा प्रसंगी लोकांनी हसावं हे काही भूषण नाही. पण खरं सांगतो, आत्या उठून बसली असती तर सगळ्यात आधी तीच हसली असती.

तिच्या जाण्याने मला दुःख झालं, पण त्याहून जास्त सुटल्यासारखं वाटलं, हे लिहायला हरकत नाही. ऐंशी पार केलेली बाई. अंथरुणाला खिळण्याची तिला फार धास्ती होती. "देवा, मला चालती-बोलती ने, कुणाला माझी थुंकी धरायला लावू नको," असं ती रोज दिवा लावताना म्हणायची, आणि सुनंदा माहेरी आली की इतक्या मोठ्याने की देवापेक्षा तिलाच जास्त ऐकू जायचं. देवाने ऐकलं. मात्र ज्या सुटकेबद्दल मला आज लिहायचंय, ती आत्याची नव्हे... ती सुनंदाची.

आतोबा लवकर गेले. आत्या शेवगावच्या दोन खोल्यांच्या घरात राहिली, मुलीला शिकवून मास्तरीण केलं, नेवाशाला लग्न करून दिलं, आणि दुपारी पोथी वाचू लागली. पुराणातल्या कथांची जाडजूड, ओव्यांमधली पोथी. घडीच्या लाकडी ठवणीवर ती उघडून ठेवायची, समोर गल्लीतल्या आणि कापसाच्या जिनिंगवरून सुटून आलेल्या बाया. आधी ओव्या, मग अर्थ. हा अर्थ ऐकायला मी सुट्टीत हटकून जायचो, असं लिहायला मला आवडलं असतं. मी प्रसादाला जायचो. पण कान काही बंद करता येत नाहीत, त्यामुळे थोडंफार आत गेलं.

एकदा मी शहाणपणाने विचारलं होतं, "आत्या, देव नैवेद्य खातो तर मग ताट भरलेलं कसं राहतं?" ती म्हणाली, "शास्त्र म्हणतं, देव भाव खातो. अन्न आपल्यालाच परत देतो, म्हणून तर त्याला प्रसाद म्हणायचं. आता तू शिरा खातोस तेव्हा माझं पोट भरतं की नाही? तसंच." मी तिचं पोट भरण्यासाठी आणखी एक वाटी शिरा खाल्ला. माझ्या भक्तिमार्गाची सुरुवात ती, आणि बरीच वर्षं तोच मुक्काम.

पण आत्याचं खरं वेगळेपण होतं ते तिच्या नियमात. घर रस्त्यावरचं. वाचन रंगात आलं की नेमकं कुणीतरी यायचं, आणि वाचन तुटायचं. पारायण मध्येच तुटू नये म्हणतात, म्हणून बाकीच्या बाया येणाऱ्यावर डोळे वटारायच्या. आत्याने मात्र ठवणीच्या समोर एक पाट कायम रिकामा मांडून ठेवलेला. अध्याय ज्याच्यामुळे थांबला, त्यानेच त्या पाटावर बसून तो पुढे न्यायचा. तीच शिक्षा आणि तोच मान. वाचता येत नसेल त्याने पुढची गोष्ट आपल्याला सुचेल तशी सांगायची. 'उशिराचा पाट' म्हणायची ती त्याला. गॅसचा सिलिंडर घेऊन आलेल्या माणसाने खांद्यावरचं ओझं उतरवून तिथे ओव्या वाचल्यात. पुढे तो गल्लीच्या तोंडाशीच गाडी थांबवून हळूच विचारायचा, "झाला का अध्याय?"

मीही बसलोय त्या पाटावर. कॉलेजात नवा नवा होतो, "आत्या, लई भूक लागली," असं ओरडत शिरलो आणि पाहतो तर सगळ्या बाया माझ्याकडे वळलेल्या. आत्याने ठवणी फिरवली. राक्षसाचा वध चालू होता. मी अशा काही सुरात वाचला की अंजनाबाई म्हणाल्या, "बाळू, तुज्या वाचण्यानं राक्षस मरायचा न्हाई, झोपंल." बाया गेल्यावर मी फणकाऱ्याने विचारलं, "हा नियम कुठल्या शास्त्रात आहे?" आत्या वाती वळत होती. वर न बघता म्हणाली, "अरे, माणूस चुकणार हे शास्त्राला आधीच ठाऊक आहे. म्हणून प्रत्येक पूजेच्या शेवटी क्षमा मागतात. मंत्र चुकला असेल, क्रिया राहिली असेल, भाव उणा पडला असेल, तर देवा, तूच पुरं करून घे. चूक होण्याआधीच माफीची जागा काढून ठेवलीय बघ. मी तिथं फक्त पाट मांडला."

हे मी तेव्हा ऐकलं आणि शिऱ्याकडे वळलो.

आता शेवटच्या वाचनाचं. आत्याला दम लागत होता, म्हणून सुनंदा नेवाशाहून गाडी करून तिला नगरला न्यायला आली. आत्या त्या दिवशी सकाळीच पोथी उघडून बसली होती, समोर एकट्या अंजनाबाई. कथा होती हत्तीची. कळपाचा राजा असलेला हत्ती तळ्यात उतरतो, सुसर त्याचा पाय धरते. तो आपल्या ताकदीवर झुंजतो, कळप वाट पाहून निघून जातो, आणि शेवटी थकलेला हत्ती सोंडेत एक कमळ धरून देवाला हाक मारतो... इथे बाहेर ड्रायव्हरने हॉर्न दिला. सुनंदा म्हणाली, "आई, बास आता. गाडी खोळंबलीय, आल्यावर वाच," आणि तिने स्वतःच्या हाताने पोथी मिटली. आत्या "बरं" म्हणाली, चप्पल घातली, गाडीत लेकीच्या खांद्यावर डोकं ठेवून झोपली. दवाखान्यातून ती परत आली नाही.

हे सुनंदाने मला दहाव्याच्या आदल्या दिवशी मागच्या अंगणात सांगितलं. दिवस होत आले तरी ती नीट जेवत नव्हती, आणि मला वाटत होतं की आईच्या आठवणीने. "बाळूदादा, जन्मभर आईने एक अध्याय अर्धा सोडला नाही. शेवटचा मी सोडायला लावला. आई गेली... आणि हत्ती अजून पाण्यातच आहे रे." शाळेत शे-दीडशे पोरांना गप्प करणारी बाई ती. मी तिची समजूत घालायला गेलो, "अगं, तू तिला दवाखान्यात नेत होतीस," वगैरे. माझ्या समजुती माझ्या वाचनासारख्याच, माणूस बरा होत नाही, नुसता गप्प होतो. मग आम्ही ओळखीच्या गुरुजींना फोन लावला. ते मायेने म्हणाले, मनात शंका असेल तर नवा संकल्प करून पोथी पहिल्यापासून वाचा. सुनंदाने मान हलवली आणि फोन ठेवल्यावर म्हणाली, "नवी वाचीन. पण आईची तर तुटलीच ना?"

तेरावं झालं, सुतक फिटलं. दुसऱ्या दिवशी दुपारी नेहमीच्या बाया आपापल्या जागी येऊन बसल्या. कुणी बोलावलं नव्हतं, सवयीने आल्या. ठवणी कुणीतरी पुसून ठेवलेली, तिच्यावर पोथी. आत्याच्या जागेवर बसायला कुणी धजेना. मी दाराशी, उंबऱ्यावर टेकून, दोन्ही गालांवर दाढी वाढलेली. सुनंदा चहाचे कप गोळा करून आतून आली, खोलीत दुसरी जागाच नव्हती, तेव्हा समोर रिकामा दिसला त्या पाटावर टेकली.

सगळ्या बायांच्या नजरा पाटावर गेल्या.

"सुनंदे," अंजनाबाई म्हणाल्या, "तू कुठं बसली गं?"

सुनंदाने खाली पाहिलं. मग माझ्याकडे. मला आत्याच्या वाती आठवल्या, तिची खाली घातलेली मान आठवली, आणि ते वाक्य इतक्या वर्षांनी जसंच्या तसं तोंडात आलं. मी मोठ्याने म्हणालो, "चूक होण्याआधीच माफीची जागा काढून ठेवलीय, सुनंदा. आत्या म्हणायची. तिने तिथे फक्त पाट मांडला होता." सुनंदाचे डोळे भरून आले. अंजनाबाईंना मात्र एवढ्या लांबणीची गरज नव्हती. त्यांनी बसल्या जागेवरून ठवणी तिच्याकडे सरकवली. "तुज्यापायी थांबला ना अध्याय? मंग आता तूच काढ त्याला भाईर. किती दिस पान्यात ठिवती?"

सुनंदाने पान शोधलं आणि वाचायला लागली. तिचं वाचन आईसारखं अजिबात नाही. शुद्धलेखन घालावं तसं वाचते, प्रत्येक ओवीनंतर थांबून, जणू आम्ही सगळे लिहून घेतोय. पहिल्या काही ओव्यांत दोनदा ओळ चुकली आणि परत मागे गेली. मग हत्तीने हाक मारली आणि देव वाहनाचीही वाट न बघता धावत निघाला, तशी तीही सावरली. सुसर मेली, पाय सुटला. अर्थ सांगायची वेळ आली तेव्हा ती जरा घुटमळली. मग म्हणाली, "हत्तीला मंत्र येत नव्हता. स्तोत्र पुरं म्हणायला दमही उरला नव्हता. पूजेचं साहित्य म्हणाल, तर एक फूल. देव काही हाक पुरी व्हायची वाट बघत थांबला नाही." तिने पोथीवर डोकं टेकवलं. वर पाहिलं तेव्हा चेहरा धुतल्यासारखा झाला होता.

"आला का भाईर?" अंजनाबाईंनी विचारलं.

"आला."

"मंग आता च्या टाक. आन् तूबी घे. दोन घास खा त्याच्यासंगं."

त्या दिवशी सुनंदाने पोटभर खाल्लं. मी शेजारी बसून, आत्याचं पोट भरावं म्हणून, बायांनी प्रसादाला आणलेल्या शिऱ्याच्या दोन वाट्या संपवल्या.

ठवणी, पोथी आणि पाट आता नेवाशाला सुनंदाच्या घरी आहेत. शाळेमुळे तिला रोज जमत नाही, रविवारी वाचते. शेजारच्या बाया येतात, अंजनाबाईंनाही कुणीतरी शेवगावहून बसमध्ये बसवून देतं. मीही नगरहून जातो. पोहोचतो तेव्हा अध्याय निम्म्यावर आलेला असतो. मी चपला काढतो, सगळ्या वळून बघतात, सुनंदा ठवणी फिरवते आणि मी पाटावर बसतो. माझ्या वाचण्याने राक्षस अजूनही झोपतात. उशीर का झाला, असं कुणी विचारलंच तर मी सांगतो, रस्त्यात उसाचे ट्रॅक्टर फार. ते खरंही आहे. हंगाम संपला की मात्र दुसरं काहीतरी कारण शोधावं लागेल.